चार चाकं की मागची दोन

बर्फात गाडीची चारही चाकं ओढती असली पाहिजेत, यावर जगात कुणाचं दुमत असण्याचं कारण उरलेलं नाही, असं मधू टिपणीसांनी फाईलच्या शेवटच्या पानावर लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि घाम पुसला. ऑक्टोबरचा रविवार होता. अंबरनाथला सकाळी दहालाच पत्रे तापले होते. टिपणीसांनी उभ्या आयुष्यात बर्फ पाहिला होता तो कोळणीच्या पाटीत, पापलेटांखाली. त्यांच्याकडे गाडीही नव्हती. स्कूटर होती. तिचं मागचं चाक ओढतं ही गोष्ट सव्वीस वर्षं ती चालवल्यावर याच महिन्यात त्यांच्या लक्षात आली होती, आणि तेव्हापासून ते तिच्याकडे जरा संशयाने पाहत होते.

"झालं का?" मालिनीताई चिरोट्यांचा डबा पिशवीत ठेवत म्हणाल्या. "साडेअकराला पोचतो म्हणून सांगितलंय त्यांना."

"निष्कर्ष लिहीत होतो."

"निष्कर्ष स्कूटरवर धरायचा कुणी? माझ्या हातात डबा आहे."

प्रश्न त्यांच्या मुलीचा होता. राजसी आणि तिचा नवरा प्रीतम कॅनडात विनिपेगला राहत. तिची नोकरी शहराबाहेरच्या एका लहान इस्पितळाच्या प्रयोगशाळेत. जायला अडतीस किलोमीटर, यायला अडतीस, आणि वर्षातले पाच महिने रस्त्यावर बर्फ. मागच्या जानेवारीत तिची जुनी गाडी घसरून रस्त्याकडेच्या चरात गेली होती. तिला खरचटलंही नाही. तिने ते घरी सांगितलंही नाही. दोन महिन्यांनी प्रीतमच्या तोंडून निसटलं. त्या दिवसापासून टिपणीस सकाळी उठल्यावर आधी विनिपेगचं तापमान पाहत आणि मग दात घासत.

आता नवी गाडी घ्यायची होती. राजसीचं म्हणणं, इंजिनाचा जोर चारही चाकांना मिळेल अशी, चारही चाकं ओढणारी. प्रीतमचं म्हणणं, मागची दोन पुरतात, उगाच खर्च कशाला. गणपतीच्या दिवसांत फोनवर दोघांची बरीच खडाजंगी झाली आणि शेवटी राजसी म्हणाली, "ऐका, तुम्ही दोघे व्याही बसून ठरवा. तुम्ही ठरवाल ती घेऊ." हे ती हसत म्हणाली होती. हसणं काही इकडे पोचलं नाही.

टिपणीसांनी चौतीस वर्षं अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात मालाची तपासणी केली होती. निवृत्तीनंतर त्यांचं मत फक्त एकदा विचारलं गेलं होतं, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीबद्दल, आणि तेही ऐकलं नव्हतं. त्यामुळे त्यांनी फाईल उघडली. आलेख काढले. उल्हासनगरला जाऊन गाड्यांच्या सुट्या भागांच्या एका सिंधी दुकानदाराचं मत घेतलं. त्याने चष्मा कपाळावर चढवून सांगितलं, "ऑल व्हील लो साईं, आंख बंद करके. रिसेल अच्छा मिलता है." टिपणीसांनी हेही लिहून घेतलं, फक्त स्वतंत्र पानावर.

बदलापूरच्या वाटेवर मालिनीताई मागून बोलत होत्या.

"वाद घालायचा नाही. आपण मुलीकडचे."

"वाद नाही. मी फक्त माहिती मांडणार."

"आणि ते मागची म्हणाले तर?"

"तर पटवून देईन."

"द्या. पण त्यांच्या घरी जेवायच्या आधी द्या. जेवल्यावर तुम्हाला काही जमत नाही."

मालिनीताईंच्या या इशाऱ्यामागे अनुभव होता. सहा वर्षांपूर्वी लग्नाच्या बैठकीत दोन्ही व्याही चार तास बसले होते. टिपणीस म्हणत होते बदलापूरला करू, तुमचे गाववाले लांब कसे येणार. हरिचंद्र भोपी म्हणत होते अंबरनाथला करू, मुलीकडच्यांना दगदग नको. दोघांनीही एकमेकांची सोय इतकी पाहिली, की लग्न शेवटी उल्हासनगरच्या एका हॉलमध्ये झालं, जो दोघांनाही लांब पडला.

भोप्यांचं घर बदलापूर गावात, जुन्या आळीच्या टोकाला. पुढे ग्रॅनाइटचा ओटा, मागे गोठ्याची शेड आणि त्यामागे कापणीला आलेलं भाताचं शेवटचं शेत. त्याच्याही मागे चौदा मजली इमारती, शेताकडे वाकून पाहिल्यासारख्या. हरिचंद्र ओट्यावरच उभे होते. अंगाने आडवे, पांढरा शर्ट खास व्याह्यांसाठी चढवलेला आणि वरचं बटण न लागलेलं.

"या साहेब, या. ऊन लागला असंल. मोती, पानी आन गो."

बर्फाचा विषय लगेच काढणं बरं दिसलं नसतं. म्हणून आधी पाऊस झाला, मग भाताला लागलेला करपा, मग पालेगावात कुणी कुणाला जमीन दिली ते. तोवर पानं मांडली गेली. हरिचंद्रांच्या बायकोने, मोतीबाईंनी, तांदळाच्या भाकरी थापल्या होत्या, आणि तळलेला सगळ्यात मोठा पापलेटाचा तुकडा टिपणीसांच्या ताटात पडला. पंखाही हरिचंद्रांनी उठून त्यांच्याकडे वळवला, एकट्यांकडे. मालिनीताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. टिपणीस काटे काढत होते.

जेवणं झाली. बडीशेप फिरली. हरिचंद्रांनी मांडीवर थाप मारली.

"तं साहेब, गाडीचा. तुमी बोला."

"छे छे, आधी तुम्ही. वयाने मोठे तुम्ही."

"वयानं मोठा, शिकलेला नाय. बोला तुमी."

"घर तुमचं, हरिभाऊ."

"म्हनून तं पावन्यानी बोलाचा."

बडीशेपेची वाटी दोनदा रिकामी होईपर्यंत हे चाललं. शेवटी टिपणीसांनी फाईल उघडली. पहिल्या पानावर उणे तीस अंशांचा आलेख होता, निळ्या शाईत. त्यांनी घसा खाकरला, वर पाहिलं, आणि समोर हरिचंद्र घामाने निथळत, तळवे गुडघ्यांवर ठेवून, शाळेतल्या मुलासारखे ऐकायला बसलेले दिसले. पंख्याचा सगळा वारा टिपणीसांच्या कागदांवर येत होता.

"हरिभाऊ," ते म्हणाले, "मी सगळा अभ्यास केला. प्रीतमचं बरोबर आहे. मागची दोन पुरतील."

मालिनीताईंचा बडीशेप उचललेला हात मधेच थांबला.

"अरे देवा," हरिचंद्र म्हणाले. "साहेब, मी सकालीच ठरवला व्हता. पोर तुमची, गाडी ती चालवनार. चार चाकांचीच घ्याची. प्रीतमला तसा मेसेज पन टाकला. त्यानी अंगठा पाठवला."

"नाही नाही. मागची."

"चार."

"अहो, मी आता शब्द दिला तुम्हाला."

"मी सकाली दिला. माझा आधीचा हाय."

अशा रीतीने दोन्ही पक्ष एकमतासाठी निघाले आणि वाटेत एकमेकांना ओलांडून पुढे गेले. आता परत फिरायचं तर आपला शब्द मागे घ्यावा लागणार होता, आणि व्याह्यांत ते होत नाही. बाहेर कोंबडी ओरडली.

टिपणीसांनी फाईल मिटली. नाडीची गाठ मारली. मग तिच्यावर दुसरी मारली. बर्फाने भरलेला चर त्यांनी कधी पाहिला नव्हता, पण गेले सात महिने रोज पाहत होते. आणि आत्ता, एका पापलेटाच्या तुकड्यापायी, आपण पोरीची मागची दोन चाकं आपल्या तोंडाने मंजूर करून बसलो. त्यांनी तिसरी गाठ मारली.

हरिचंद्रांनी त्या तीन गाठी पाहिल्या. ते उठले.

"चला साहेब, जरा मागं जाव. जेवन जिरंल."

शेडमध्ये ट्रॅक्टर उभा होता. भिंतीला पुरुषभर उंचीची दोन लोखंडी चाकं टेकवलेली, पट्ट्या जोडून केलेली, पिंजऱ्यासारखी पोकळ. त्यांच्यावर जुलैचा चिखल वाळून पांढरा पडला होता. वर एक कोंबडी बसली होती.

"यो ट्रॅक्टर," हरिचंद्र म्हणाले, "मागच्या दोन चाकांवरच चालतो. चिखलनीला शेतान उतरवाचा तं ही लोखंडी चाकं बाजूला जोडाची. नाय जोडली, तं मंग चार चाकांचा आना का धा चाकांचा, जागेवर फिरत बसंल."

"म्हणजे मागची पुरतील, असंच ना?"

"मी त्ये नाय म्हनत." हरिचंद्रांनी कोंबडी हाकलली. "तुमच्या फाईलीन गाडी निगते कशी त्ये लिवलाय. थांबते कशी, त्ये कवच्या पानावर हाय?"

टिपणीसांनी मनातल्या मनात पानं चाळली.

"आमचा धर्मराज, धाकटा भाव, बांधावरशी ट्रॅक्टर घेऊन पलटी झाला. निगताना नाय झाला. थांबाला गेला, आन चाकानी माती धरली नाय. दोन महिने पाय वर बांधून व्हता. बसल्या बसल्या येवढा खाल्ला, का फुगला त्यो अजून तसाच हाय." ते थोडं हसले आणि मग हसले नाहीत. "थांबाला इंजिन लागत नाय, साहेब. चाकाला काय लावलाय, त्ये लागतं. त्या बरफात काय लावतान?"

एकतिसाव्या पानावर खाली एक ओळ होती. टिपणीसांना ती पाठ होती, कारण ती त्यांनीच लिहिली होती: 'हिवाळी टायर मिळतात. नंतर पाहावे.' चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या अहवालातल्या नेमक्या अशाच ओळी त्यांनी लाल शाईने पकडल्या होत्या. त्यांनी लोखंडी पट्टीवरची माती नखाने खरवडली, दोन बोटांत चोळून पाहिली, नमुना तपासावा तशी.

"चारही चाकांना लागतील," ते म्हणाले. "पुढे दोनच लावले तर मागचा भाग फिरेल, मागे दोनच लावले तर गाडी वळणार नाही."

"त्ये तुमी सांगा. तुमी शिकलेले."

"तुम्ही सांगितलंत, हरिभाऊ."

"मी ट्रॅक्टरचा सांगला. बरफाचा तुमी सांगा."

ते परत आले तेव्हा दोन्ही विहिणी मागच्या पायरीवर बसून कशालातरी हसत होत्या. पुरुषांना पाहून मोतीबाईंनी पदर तोंडाला लावला आणि चहा ठेवायला उठल्या. टिपणीसांनी तिकडे लक्ष दिलं नाही. ते नाडीच्या तीन गाठी सोडवत होते. एकतिसाव्या पानावर खूप काही लिहायचं होतं.

संध्याकाळी साडेसहाला, विनिपेगला सकाळचे आठ वाजले तेव्हा, फोन लावला. तो पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि चौघे समोर बसले. राजसीने कानटोपी घातली होती. प्रीतम मागे ब्रेड भाजत होता.

"बोला, झाली का बैठक?" राजसी म्हणाली.

टिपणीसांनी हरिचंद्रांकडे पाहिलं, हरिचंद्रांनी मान हलवली.

"आमचं एकमत झालंय," टिपणीस म्हणाले. "चाकं कोणतीही ओढू देत. पण टायर बर्फाचे. आणि चारही. त्यात तडजोड नाही, राजसी. बाकी तुम्ही म्हणाल ते."

तिकडे प्रीतम ब्रेड सोडून पुढे आला.

"बाबा, टायर तर सप्टेंबरमध्येच घेतले."

"गाडी नसताना?"

"हो ना. म्हटलं, आधी टायर, बाकीचं मग बघू. आबा, चिखलणीच्या आधी तुम्ही मला पहिली ती लोखंडी चाकंच साफ करायला लावायचात ना, तेच डोक्यात बसलंय. मग त्या टायरला बसेल अशी गाडी शोधत होतो. शुक्रवारी भेटली."

हरिचंद्रांनी चिरोट्यांची ताटली उचलून टिपणीसांपुढे सरकवली, मग पुन्हा थोडी आणखी सरकवली.

"शुक्रवारी?" टिपणीस म्हणाले.

"फोटो पाठवला होता की आईंना," राजसी म्हणाली. "दोघींना."

टिपणीसांनी बायकोकडे पाहिलं. मोतीबाईंना एकाएकी गॅसवर काहीतरी आठवलं.

"तुमची तीनच पानं राहिली होती," मालिनीताई म्हणाल्या. "म्हटलं, होऊ दे पुरी."

राजसीने फोन खिडकीकडे फिरवला. खाली आवारात एक करडी गाडी उभी होती. रात्री थोडा बर्फ पडला होता. टपावर पिठी चाळल्यासारखा पातळ थर दिसत होता. टिपणीस चष्मा लावून फोनच्या इतके जवळ गेले, की बाकीच्यांना त्यांचं डोकंच दिसायला लागलं.

"चाक दाखव. तसं नाही, जवळून."

"बाबा, मी तिसऱ्या मजल्यावर आहे."

"मग खाली जा."

ती गेली. जिना उतरताना चित्र हललं, दार उघडलं, तिचे बूट करकर वाजले. मग पडदाभर टायर आला: काळा, रुंद, खोल खाचांचा, खाचांत बर्फ रुतलेला. टिपणीसांनी नकळत बोट पुढे केलं आणि काचेवर खाचेची खोली मोजल्यासारखं फिरवलं.

"ठीक आहे," ते म्हणाले. चौतीस वर्षांत हा शेरा त्यांनी फार थोड्या मालाला दिला होता. त्यांनी ताटलीतला चिरोटा उचलला आणि अख्खा तोंडात घातला.

"पन त्ये राह्यला," हरिचंद्र पुढे वाकून म्हणाले. "शेवटी कुनाचा ऐकलाव? चार चाकं का मागची दोन?"

गाडी पुढच्या दोन चाकांवर चालणारी होती.