पाण्याचा एक हात

माझ्या चहाच्या पातेल्यात कुंपण उकळत होतं.

म्हणजे प्लास्टिकच्या कुंपणाचा वीतभर तुकडा. कुंपणवाली बाई नमुना म्हणून ठेवून गेली होती आणि हे ओट्याशी उभे राहून त्याला चिमट्याने खालीवर करत होते. त्याआधी त्याला नखांनी ओरबाडून झालं होतं. नळाजवळच्या चिखलात पुरून झालं, हातोडीखाली घालून झालं, माझ्या शिलाई मशीनचं तेल आणि बाटलीभर शाई त्याच्यावर ओतून झाली. आरोपीचेसुद्धा कोणी इतके हाल करत नसेल.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"काही कबूल करत नाही," हे म्हणाले. "पक्का आहे."

"मग ठरलं ना?"

"ठरलं कुठं? लाकूड ते लाकूड."

यांनी जन्मभर रंगकाम केलं. आमच्या भागातलं असं घर नसेल ज्याच्या दाराला यांचा ब्रश लागला नाही. सगळे यांना रंगारीकाकाच म्हणतात. खरं नाव विचारलं तर मलाही क्षणभर आठवावं लागतं. लोकांच्या भिंती पोटासाठी रंगवल्या, पण आमचं लाकडी कुंपण यांनी हौसेनं रंगवलं. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर कामावरून सुटी घेऊन हे फाटकापासून सुरुवात करायचे. मी शेजारी बसून रंगाचा डबा धरायची. त्या वेळी यांच्याशी बोलायचं नसे. ब्रश फळीला टेकला की खालपर्यंत जाईतो हे तोंड उघडत नसत. मी मशीनवर दिवसभर सरळ टीप मारणारी बाई, पण इतकी सरळ रेघ हाताने, नुसत्या हाताने ओढली जाते हे बघून मला दरवर्षी नव्याने अचंबा वाटायचा.

मग छाती धरली. डॉक्टरीणबाईंनी फुप्फुसांचा फोटो उजेडापुढे धरला, खाली ठेवला, पुन्हा धरला.

"यापुढे रंगाचा डबा उघडायचा नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "दुसऱ्या कोणी उघडला तर तिथं थांबायचंसुद्धा नाही."

"घरचं कुंपण तेवढं..."

"घरचं कुंपणही नाही, काका."

हे हो म्हणाले. यांच्या 'हो'ला काय किंमत असते ते मला पुरेपूर माहीत आहे. एके सकाळी घराच्या मागे गेले तर हे भिंतीला टेकून जमिनीवर बसलेले, पुढ्यात अर्धवट उघडलेला डबा, आणि श्वास भात्यासारखा चाललेला. त्याच दुपारी मी कुंपणवाल्या बाईला बोलावलं. दारात लाकूड आहे तोवर हा माणूस स्वस्थ बसणार नाही, हे मला कळून चुकलं होतं. मला कुंपण नको होतं, मला हे हवे होते. पण दुसरी भीतीही तितकीच खरी होती. हातातला ब्रश काढून घेतल्यावर या माणसाचं उरणार काय?

कुंपणवाली बाई चाळिशीतली, कमरेला मोजपट्टी आणि कानामागे पेन्सिल. पाण्याने सडत नाही, वाळवी लागत नाही, रंग द्यावा लागत नाही, असं तिने सांगितलं. शेवटच्या वाक्याला यांनी मान दुसरीकडे वळवली.

"मग करायचं काय त्याचं?" यांनी विचारलं.

"काहीच नाही. धूळ बसली की साध्या पाण्याने धुवायचं."

तिने दोन नमुने ठेवले होते. एक साधा पांढरा, दुसऱ्यावर लाकडासारख्या रेषा उठवलेल्या. मला वाटलं, यांना रेषांचा आवडेल, तेवढंच डोळ्यांना समाधान.

"हे सोंग नको," हे म्हणाले. "प्लास्टिक आहे ना? मग प्लास्टिकसारखं दिसू दे." आणि उकळून, पुरून, ठोकून सहीसलामत राहिलेला तो साधा तुकडा यांनी फडक्याने पुसून टेबलावर ठेवला. हाच काय तो होकार.

थंडीच्या दिवसांतच काम लागलं. जुनं कुंपण काढताना बाईने नळाजवळचा कोपऱ्याचा खांब दोन्ही हातांनी हलवला, तर तो काही जोर न लावताच वर आला. ती तशीच खांब धरून उभी राहिली. मग तिने तो आडवा केला आणि आतून तपकिरी भुगा भसकन बाहेर पडला. लाकूड संपलेलं होतं. कधीचं संपलं असेल कोण जाणे. बाहेर उभी होती ती नुसती रंगाची नळी. एकावर एक बसलेले, यांच्या हातचे थर.

"काका," ती हळूच म्हणाली, "इथं खांब नव्हताच. तुमचा रंग उभा होता."

मी यांच्याकडे बघितलं. हे नळीच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. वाऱ्यापावसात आमचं घर कशाच्या आडोशाला होतं, ते मला त्या दिवशी दिसलं.

नवं कुंपण उभं राहताना हे खुर्ची टाकून परीक्षकासारखे बसले. खड्डे, काँक्रीट, दोरी, ओळंबा, सपाटी दाखवणारी पाणसळ, सगळं यांनी दोनदा बघितलं. खोट सापडेना तसे हे अस्वस्थ होत गेले. आडव्या पट्ट्या खांबांच्या खोबणीत सरकल्या, उभ्या फळ्या त्यांत बसल्या आणि सगळं कट् करून अडकलं तेव्हा यांना राहवलं नाही.

"खिळा?"

"खिळा नाही, काका."

"एकही?"

"एकही नाही."

हे उठून प्रत्येक खांबाला हात लावून आले. "बाई हुशार आहे," रात्री जेवताना म्हणाले. मी अन्नावर लक्ष असल्याचं दाखवलं, पण मनातून निवले होते.

गडबड दुसऱ्या दिवशी झाली. मी शिवलेले कपडे पोचवायला गेले होते. इकडे हे कुंपणाला डोळा लावून बसले आणि यांना फट दिसली. प्रत्येक पट्टी खांबात शिरते तिथं नखभर मोकळी जागा. रंगाऱ्याला फट दिसणं म्हणजे मांजराला उंदीर दिसणं. बाई जाताना त्याबद्दल काही बोलली नव्हती, कारण असलं काही कोणी करील हे तिच्या स्वप्नातही आलं नसेल. यांनी माळ्यावरून दगडासारखी वाळणारी पुट्टी काढली, तिला वास नसतो म्हणून डॉक्टरीणबाईंचा शब्दही मोडला नाही, आणि एकूणएक फट भरून, घासून, पुसून टाकली. मी आले तेव्हा हे शीळ घालत होते. किती दिवसांनी शीळ ऐकली म्हणून मी कारण विचारलंच नाही.

ऊन तापायला लागलं तसं कुंपण फुगलं. आधी एक पट्टी रस्त्याच्या बाजूला पोट काढून वाकली, मग दुसरी. एका दुपारी फाड् असा आवाज झाला आणि एक पट्टी खांबातून निसटून बाहेर लोंबू लागली. हे उंबऱ्यात उभे होते. यांचा चेहरा मला बघवेना.

बाई आली. तिने वाकलेल्या पट्टीवरून हात फिरवत खांबापर्यंत नेला, मग पुन्हा नेला, मग डोळे बारीक करून बघितलं.

"इथं मी जागा सोडली होती. गेली कुठं?"

कारखान्यातूनच तसं आलं असेल, असं काहीतरी बोलायला मी तोंड उघडलं. आमची इतक्या वर्षांची सवय, यांची बाजू मी सावरायची.

"मी भरली," हे म्हणाले. "मला वाटलं काम राहिलंय."

कामातली चूक यांनी कबूल केलेली मी त्याआधी कधी ऐकली नव्हती. बाई रागावेल म्हणून मी पदराशी चाळा करत उभी राहिले. ती मात्र अजून बोटाने फट शोधत होती.

"इतकी साफ भरलीय की मलाच सापडत नाहीये," ती म्हणाली. "काका, हे उन्हात वाढतं आणि थंडीत आखडतं. ती जागा त्याला हातपाय पसरायला असते."

आम्ही कपडे शिवताना आत माया सोडतो, पुढे माणूस अंगाने सुटलं तर उसवून सैल करता येतं. कुंपणालाही ती लागत असेल असं मलाही सुचलं नसतं. यांना तर ते पटलंच नाही.

"एवढं जाड प्लास्टिक? आपोआप वाढतं?"

बाईने वाद घातला नाही. एका पट्टीच्या टोकाची पुट्टी तिने टोकरून काढली, पट्टी सरळ बसवली आणि कानामागची पेन्सिल घेऊन खांबाला अगदी लागून पट्टीवर बारीक रेघ ओढली. "उद्या सकाळपासून हिच्यावर लक्ष ठेवा," म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेघ खांबापासून जरा बाहेर आलेली होती. हे स्टूल घेऊन तिच्यासमोर बसले. चहा तिथंच, जेवण तिथंच. ऊन चढलं तशी मी छत्री नेऊन धरली, तर म्हणाले, "सावली पाडू नकोस त्याच्यावर." शेवटी छत्री यांच्यावर आणि कुंपण उन्हात अशी कसरत करत मीही बसले. रेघ सरकताना दिसत नव्हती. पण नजर काढून पुन्हा लावली की ती खांबाच्या जवळ गेलेली असे. भर दुपारी ती अर्धी आत गेली, आणि मग दिसेनाशीच झाली.

"गेली," हे म्हणाले. एवढंच. आवाज देवळात बोलावं तसा.

ऊन उतरल्यावर ती परत यायला लागली. आधी केसाएवढी, मग सगळी. आम्ही दोघं म्हातारी माणसं फाटकापाशी बसून पेन्सिलीची रेघ बघत होतो, आणि रस्त्याने जाणारे आमच्याकडे बघत होते.

"जन्मभर रंग लावला, अगं," हे म्हणाले. "तडे जायचे, पोपडे सुटायचे. मी म्हणायचो, डबा खराब निघाला. खालचं सगळं असं हलत होतं आणि मी वरून त्याला गप्प बसवत होतो."

"त्या खांबाला तर तुम्हीच उभं ठेवलंत," मी म्हटलं.

"हो," हे म्हणाले. "तेही खरंच."

पुट्टी काढायला बाईने माणूस पाठवते म्हटलं. यांनी नको म्हणून कळवलं. पातळ पट्टीने, एकेक खोबण, कुठेही ओरखडा न उठवता यांनी स्वतःची चूक स्वतः खरवडून काढली. घाई नाही, धाप नाही. रोज थोडं. काम संपलं त्या संध्याकाळी यांनी हत्यारं धुऊन, पुसून कापडात गुंडाळली, आणि त्यांत कुंपण रंगवायचा तो लांब केसांचा ब्रशही ठेवलेला मी बघितला. त्याला मला कधी हात लावू दिला नव्हता. हा त्याचा निरोपच, असं मी समजले.

मग बरेच दिवस वारा सुटला आणि कुंपणावर धूळ बसली. रविवारी पाइपाने धुऊन टाकू म्हणून मी बाहेर आले, तर हे फाटकापाशी स्टुलावर बसलेले. पुढ्यात बादली, हातात तोच ब्रश. यांनी तो पाण्यात बुडवला, बादलीच्या काठावर दोन्ही अंगांनी निथळला, फळीच्या माथ्यावर टेकला आणि खाली ओढत नेला. तीच रेघ. एक फळी झाली की दुसरी. रंग देताना बांधायचे तसं तोंडावर फडकं नव्हतं आणि श्वास संथ चालला होता. मी दारातच थांबले.

टपालवाला सायकल थांबवून म्हणाला, "रंगारीकाका, नवा रंग का? कोणता देताय?"

आधी ब्रश फळीच्या तळापर्यंत पोचला, उचलला, मग हे मान वळवून म्हणाले, "पहिला हात आहे. वाळू दे."

मागच्या फळ्या तोवर वाळूनही गेल्या होत्या. हे स्टूल घेऊन पुढच्या फळीशी सरकले. मी जाऊन शेजारी बसले आणि बादली धरली.