न वाचलेल्या शेवटाचा अभिप्राय

मी एक जुनी अभिप्रायवही आहे. वाचनालयात किशोरांच्या कपाटाशेजारी, खिडकीखालच्या तिरक्या मेजावर मला दोरीने बांधून ठेवलेले असायचे. कोणी घरी नेऊ नये म्हणून ती दोरी, असे सगळे म्हणत. मला मात्र ती माझ्या स्वभावाला घातलेली वेसण वाटायची, कारण मी पहिल्यापासूनच फटकळ. दोनशे पाने, लाल कापडी पाठ आणि भीडभाड कोणाचीच नाही.

खरे तर बांधणीवाल्याने मला हजेरीपुस्तक म्हणून शिवले होते. पण रकाने वाकडे आखले गेले आणि शाळेने मला नाकारले. वाचनालयाच्या बाईंना माझी दया आली. त्यांनी पहिल्या पानावर ठसठशीत अक्षरात लिहिले : 'इथे नुसते छान आहे असे लिहू नये. छान तर हवाही असते. वाचताना काय झाले ते लिहावे.'

मित्रांनो, ते दिवस आठवले की अजून माझी पाने फडफडतात! शाळा सुटली की जिन्यावर पावले वाजायची, दप्तरे धपाधप पडायची आणि माझ्यासमोर रांग लागायची. त्या काळी किशोरांच्या कादंबऱ्यांवर एकामागून एक सिनेमे निघत होते, आणि प्रत्येक सिनेमानंतर माझ्या पानांवर रणधुमाळी माजायची.

एकीने लिहिले होते, 'पुस्तकात तिचे केस आखूड आणि चेहऱ्यावर पुरळ. सिनेमात केस कमरेपर्यंत आणि पुरळ गायब. मग वर्गात तिला कोणी विचारत का नाही, हे कळतच नाही.' एकाने लिहिले होते, 'राजधानी जळते ते पुस्तकात एका ओळीत आहे आणि सिनेमात वीस मिनिटे. पुस्तकातली ओळ जास्त भाजते.' आणखी एक होती, तिचे अक्षर रागाने कागद फाडत गेले होते : 'दोघांपैकी ती कोणाला निवडते याच्याशी मला काही देणेघेणे नव्हते. मला तिच्या घोड्याचे काय झाले ते हवे होते. सिनेमात घोडाच नाही!' त्याखाली कोणीतरी बारीक अक्षरात म्हटले होते, 'होता. तू खाली वाकून चप्पल शोधत होतीस.'

या सगळ्यांची राणी होती झटपट. नाव वेगळे असेल, पण सगळे तिला झटपट म्हणायचे, कारण नवे पुस्तक आले की पहिला अभिप्राय तिचाच. तिचे वाचूनच बाकीची मुले पुस्तक मागायची. खोटे कशाला बोलू, तिचे अक्षर माझ्यावर उमटले की मलाही चार बोटे उंच झाल्यासारखे वाटायचे.

एकदा दीपगृहात राहणाऱ्या भावाबहिणीची कादंबरी आली. भाऊ भर वादळात होडी घेऊन पलीकडच्या किनाऱ्यावर औषध आणायला जातो आणि बहीण दिव्यापाशी वाट बघते, अशी ती गोष्ट. प्रत एकच आणि झटपटचा नंबर तिसरा. नेमका त्याच आठवड्यात त्या कादंबरीवरचा सिनेमा लागला. तिने तो पाहिला. दुसऱ्या दिवशी ती आली, इकडेतिकडे बघितले आणि माझ्यावर भराभर लिहिले : 'शेवटच्या पानावर भाऊ परत येतो तेव्हा मी उडीच मारली. ज्यांच्या घरी कोणी आजारी आहे त्यांनी तर हे वाचलेच पाहिजे.'

पुस्तकावर शिक्का बसायचा होता, म्हणून ते अजून कपाटातून हललेही नव्हते. मला ते ठाऊक होते. पण वहीला तोंड नसते, आणि असते तरी त्या दिवशी मी ते उघडले नसते. राणीचा पहिला नंबर हुकू नये, असे मलाही वाटत होते.

तो अभिप्राय कोपऱ्यावरच्या शिंपीकाकांच्या मुलीने वाचला. ती फार बोलायची नाही. तिचा मोठा भाऊ लांब पल्ल्याच्या शर्यतींत धावायचा. त्याच्या सायकलला ट्रकने उडवले होते आणि गेले दोन महिने तो दवाखान्यात होता. तिने दोन्ही हातांनी माझे पान धरून ते तीन वेळा वाचले. मग बाईंना म्हणाली, "हे मला आधी मिळेल? दादाला वाचून दाखवायचंय." बाईंनी नंबर मोडून पुस्तक तिला दिले. रांगेतले कोणीही कुरकुरले नाही.

बारा दिवसांनी ती आली. पुस्तक तिने माझ्याशेजारी ठेवले आणि झटपटपुढे उभी राहिली.

"तू हे वाचलंच नाहीस."

"म्हणजे काय!" झटपटने मान वर केली, पण तिचा आवाज आधीच पडला होता.

"भाऊ येत नाही. मी काल पुढचं चाळून बघितलं. होडी सापडते, तो सापडतच नाही. रोज एक प्रकरण वाचते मी दादाला. रोज विचारतो, आज येणार का गं तो? आता शेवटचं प्रकरण उरलंय. काल चष्मा विसरला म्हटलं. आज काय सांगू?"

झटपट म्हणाली, "सिनेमात तर येतो... तू तसंच वाच ना. त्याला काय कळणार?"

आता शिंपीकाकांच्या मुलीचा बांध फुटला. डॉक्टरांनी बाबांना सांगितले होते, मुलगा काठी घेऊन चालेल, पण धावणे संपले. त्याला मात्र भेटायला येणारा जो तो म्हणे, महिन्याभरात पळायला लागशील. "सगळे त्याला तेच सांगतात," ती म्हणाली, "आणि मीपण मान डोलावते. आता पुस्तकातूनसुद्धा खोटंच वाचायचं?"

बाई सगळे ऐकत होत्या. मुलांचे नंबर संपल्यावरच त्या नवे पुस्तक वाचत, म्हणून ही चूक त्यांच्याही नजरेतून निसटली होती. त्या एवढेच म्हणाल्या, "झटपट, आधी वाच. मग काय ते बोल."

ती माझ्या मेजाशी बसली. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही. पहिल्यांदाच मी तिला सावकाश वाचताना पाहिले. शेवटची दोन पाने तिने वाचली आणि पुन्हा वाचली. मग नाक ओढत बाईंकडे गेली. "मी जाते दवाखान्यात. पण वही हवी. मी काय लिहिलंय ते त्याला दाखवायला लागेल."

बाईंनी माझी दोरी सोडली. गाठ इतकी जुनी होती की दात लावावे लागले.

दवाखान्यातल्या त्या खोलीत औषधाचा उग्र वास होता. खिडकीत दादाचे धावायचे बूट जोडीने मांडून ठेवलेले होते, कोणीतरी पुसून. झटपटने मला त्याच्या मांडीवर उघडले आणि आपल्या ओळींवर बोट ठेवले.

"हे मी लिहिलंय. पुस्तक न वाचता. खोटं आहे ते."

दादाने ते वाचले. "म्हणजे तो येत नाही?"

बहिणीने पुस्तक झटपटपुढे सरकवले. झटपटने ते घेतले आणि शेवटचे प्रकरण वाचून दाखवले. होडी सापडते. बहीण तीन दिवस जिन्यात बसून राहते. चौथ्या दिवशी ती उठते आणि दिवा लावते, कारण समुद्रात दुसऱ्या कोणाच्या तरी होड्या आहेत. झटपटचा आवाज दोनदा चिरकला, पण तिने एकही ओळ गाळली नाही.

मग दादा म्हणाला, "बरं वाटलं."

"बरं?" बहीण चमकली.

"इथं येतो तो प्रत्येक जण मला सिनेमाच सांगून जातो. पाय माझा आहे गं, मला काय कळत नाही?" त्याने तिचा हात धरला. "डॉक्टर बाबांना काय म्हणाले? पुस्तकातलं सांग."

तिने सांगितले. सगळे, जसेच्या तसे. तो भिंतीकडे तोंड करून रडला, आणि त्या दोघीही रडल्या. माझ्यावर दोनतीन थेंब पडले, तिथली शाई अजून फुटलेली आहे. मित्रांनो, मी एक निर्जीव वही, पण त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. न वाचलेल्या पुस्तकाचे कौतुक मी मोठ्या अभिमानाने पोटात ठेवले होते.

परत आल्यावर झटपटने तो अभिप्राय खोडला नाही. त्याखाली तिने लिहिले, 'वरचे सिनेमाबद्दल आहे. पुस्तक मी नंतर वाचले. ते जास्त कठीण आहे आणि जास्त जवळचे आहे.' तिचे नाव झटपटच राहिले, पण तिचा अभिप्राय पुढे कधीकधी चौथा, पाचवाही येऊ लागला.

चार महिन्यांनी एका दुपारी जिन्यावर वेगळाच आवाज आला. एक ठोका, एक पाऊल, मग थांबणे. वाचनालय वरच्या मजल्यावर होते. बाई माझी दोरी सोडू लागल्या, मला खाली नेण्यासाठी. जिन्यातून दादाचा आवाज आला, "वही खाली आणू नका. मी येतोय."

अठरा पायऱ्या होत्या. मुले पुस्तके मिटून बसली. त्याची बहीण दारात उभी होती, तिने हात मागे बांधून घेतले होते. तो वर आला तेव्हा घामाने भिजला होता. माझ्यापुढे बसला, आधी श्वास घेतला आणि मग लिहायला लागला.

आता माझ्यावर कोणी लिहीत नाही. मुले आपापल्या फोनवर तारे देतात, पाचातले तीन, पाचातले चार. मला तळाच्या कपाटात ठेवले आहे. तक्रार नाही, तिथे सोबतीला जुनी मासिके आहेत. पण माझी शिवण सुटत चालली आहे, म्हणून तुम्हाला हात जोडून एक मागणे आहे. मित्रांनो, सिनेमा खुशाल बघा आणि खुशाल भांडा, पण पुस्तकाबद्दल बोलायचे तर पुस्तक वाचून बोला, कारण तुमच्या शब्दावर विसंबून कोण ते उघडणार आहे, हे तुम्हाला ठाऊक नसते. आणि कधी माझी डागडुजी करायला बसलात, तर एकशे बाराव्या पानाला दोन टाके जास्त घाला. त्या पानावर त्या दुपारचे दादाचे अक्षर आहे :

'शेवट खरा आहे, म्हणून पटला. आता सिनेमाही बघणार आहे. तो परत आलेला मला एकदा बघायचा आहे.'