उशी लागत नाही

"रात्री उशा किती लागतात, काका?"

"एकही नाही."

"एकही नाही?"

"उशीच लागत नाही मला," टाकीवाले काका म्हणाले, आणि एवढं बोलून दम खायला थांबले.

सिस्टर पेन हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिली. हृदय थकलेल्या माणसाला हा प्रश्न विचारायचाच असतो. छातीत पाणी साठलं की आडवं झोपता येत नाही. मग एका उशीच्या दोन होतात, दोनाच्या तीन, आणि शेवटी माणूस रात्र रात्र बसून काढतो. ज्याला उशी लागत नाही तो बरा, असा साधा हिशोब. त्या हिशोबाने काका अगदी ठणठणीत म्हणायचे. पण समोर पाहावं तर पाय असे सुजलेले की मोज्याची कड पोटरीत रुतून बसलेली, आणि एका वाक्यात दोनदा थांबावं लागतंय. कुठेतरी पाणी मुरत होतं, हे मात्र नक्की.

वॉर्डातून ते तिसऱ्यांदा घरी आले होते. दरवेळी तेच. धापा टाकत यायचे, अंगातलं पाणी उतरलं की गप्पा मारत घरी जायचे, आणि काही दिवसांत पुन्हा स्ट्रेचरवर हजर. या खेपेला डॉक्टर सिस्टरला बाजूला घेऊन म्हणाले होते, "पुन्हा आले तर परत घरी पाठवता येईल की नाही, मला सांगता येत नाही. तुम्ही घरी जाऊन बघा, काय चुकतंय ते."

घरी जाऊन बघणं ही सिस्टरची नवी नोकरी होती. घरी सोडलेल्या पेशंटची पहिल्याच आठवड्यात कोणी घरी जाऊन नीट विचारपूस केली, तर त्यातले बरेचजण पुन्हा भरती होत नाहीत, असं बऱ्याच ठिकाणच्या अभ्यासांतून दिसलं होतं म्हणे. म्हणून तिची वॉर्डातून बदली झाली. हे ऐकून तिच्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "लोकांकडे जाऊन बसायचे पगार देतात होय? मग मी तर जन्मभर फुकटच गेले."

या कामाआधी एक शिबिर झालं होतं. तिथल्या शिकवणाऱ्या बाईंनी एकच गोष्ट घोकून घेतली. पेशंटला 'समजलं का?' असं विचारायचं नाही. 'समजलं का'ला जगात एकच उत्तर आहे, 'हो'. त्याऐवजी म्हणायचं, आता तुम्ही मला करून दाखवा. ही परीक्षा पेशंटची नाही, आपली. आपण नीट सांगितलं की नाही, ते त्यातून कळतं. सिस्टर तेव्हा शेजारणीच्या कानात पुटपुटली होती, "अर्धं आयुष्य वॉर्डात घासलं, आता आपल्याला बोलायला शिकवताहेत."

पण आता दुसरा उपायही सुचत नव्हता. तिने घरभर नजर फिरवली. दोन खोल्या, लख्ख पुसलेल्या. नळाखाली एक थेंब सांडलेला नाही. काकांची सगळी नोकरी गावाच्या पाण्याच्या टाकीवर गेली होती. व्हॉल्व्ह सोडायचे, व्हॉल्व्ह बंद करायचे, पाण्यात औषध घालायचं. अजूनही भिंतीतल्या पाइपाला कान लावून पाणी कधी येणार ते सांगत, आणि शेजारीपाजारी त्या भरवशावर बादल्या लावत.

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. चणीने लहान, बोलायला चुरचुरीत. "पथ्याचं म्हणाल तर मीठच ठेवलं नाही घरात," त्या म्हणाल्या. "मीही तेच खाते. नको ते डोळ्यांसमोर, नको तो मोह."

"आणि पाणी?"

"मोजून. सकाळी बाटली भरून देते, ती दिवसभर पुरवायची. आयुष्यभर गावाला पाणी पाजलं, आता स्वतःला घोट घोट."

सगळं बरोबर होतं. सिस्टरला नवल वाटत होतं ते याचंच. इतकं सगळं बरोबर, आणि पाय मात्र भरलेले.

"काका," ती शेवटी म्हणाली, "रोज सकाळी औषधं कशी घेता, ते मला आत्ता करून दाखवता? मी आले तेव्हा घ्यायचीच होती ना?"

काकांना हुरूप आला. त्यांनी डबा उघडला. ही हृदयाची, ही रक्तदाबाची. एकेक गोळी जिभेवर ठेवली, घोटभर पाण्याने गिळली. अगदी शाळेतल्या मुलाने पाठ म्हणावा तसं.

"आणि ही पांढरी?"

"ती हिच्याकडे असते."

काकूंनी गोळी हातात घेतली. भिंतीला हात लावत लावत त्या आत गेल्या, पिण्याच्या पाण्याच्या पिंपावरचं झाकण काढलं, गोळी आत टाकली आणि लांब दांड्याच्या पळीने पाणी ढवळून झाकण पुन्हा ठेवलं.

"झालं," त्या म्हणाल्या.

सिस्टरचा आ वासलेला तसाच राहिला. "काकू, हे काय केलंत?"

"पाण्याची गोळी घातली."

"पाण्यात?"

"अगंबाई, मग पाण्याची गोळी कशात घालतात?"

"तुम्हीच तर सांगितलंत वॉर्डात," काका म्हणाले. "ही पाण्याची गोळी, रोज सकाळी एक, चुकवायची नाही. मी हिला म्हटलं, दवाखान्याची माणसं भली, पेशंटच्या घरच्या पाण्याचीसुद्धा काळजी घेतात. एवढ्याशा पिंपाला एक गोळी पुरे. आमचा जन्म गेला त्यात, प्रमाण चुकायचं नाही."

सिस्टर मटकन खुर्चीवर बसली. अंगातलं साठलेलं पाणी लघवीवाटे काढून टाकणारी गोळी. एवढं लांबलचक कोण बोलतो? डॉक्टरांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळा वॉर्ड तिला पाण्याचीच गोळी म्हणायचा. तिनेही तेच म्हटलं होतं, वर 'समजलं ना?' असंही विचारलं होतं, आणि काका 'हो' म्हणाले होते. खोटं कुठे बोलले होते ते? त्यांना समजलंच होतं, त्यांच्या आयुष्याप्रमाणे.

मग तिच्या डोक्यात दुसरा प्रश्न आला. काकांना पाणी बाटलीभर. मग बाकीचं पिंप?

"मीच पिते," काकू म्हणाल्या. "औषध घातलेलं पाणी ओतून द्यायला जीव होत नाही."

"काकू, इकडे बसा. चक्कर येते का तुम्हाला?"

"वय झालं की."

"लघवीला सारखं जावं लागतं?"

"तेही वयच."

"पोटऱ्यांत गोळे येतात?"

काकूंनी पोटरीवरचा हात पटकन काढून घेतला. सिस्टरने त्यांच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला, मग त्यांना उभं करून पुन्हा पाहिला. उभं राहिल्यावर तो असा खाली आला की तिने त्यांना हाताला धरून लगेच बसवलं. आता कुठे तिला कळलं की या बाई भिंत धरून का चालतात.

काकांचा चेहरा उतरला. "रोग रेड्याला आणि औषध पखालीला," ते म्हणाले, आणि हसायला गेले, पण जमलं नाही. "सिस्टर, ही दिवसभर माझं औषध पिते आणि रात्रभर माझी उशी होते. आणि विचारलं तर म्हणते, मला काय धाड भरलीय."

"अहो, गप्प बसा," काकू म्हणाल्या.

"उशी होते म्हणजे?" सिस्टरने विचारलं.

"दाखव त्यांना. आज करूनच दाखवायचा दिवस आहे."

काकू लाजल्या. एवढ्या म्हाताऱ्या बाई, पण नव्या नवरीसारख्या लाजल्या. मग पलंगावर जाऊन मांडी घालून बसल्या, पाठ ताठ. काका त्यांच्या मागे उलट्या तोंडाने बसले आणि आपली पाठ त्यांच्या पाठीला टेकून, मान मागे टाकून, डोळे मिटले. काकांचा देह चांगला थोराड, काकू त्यांच्या निम्म्या. तरी त्या तसूभर हलल्या नाहीत.

"आडवं झालं की जीव गुदमरतो," काका डोळे मिटूनच म्हणाले. "उशा लावून पाहिल्या, त्या सरकतात. ही सरकत नाही."

"कधीपासून असं?"

"पहिल्यांदा दवाखान्यातून घरी आलो, तेव्हापासून."

"आणि काकू, तुम्ही कधी झोपता?"

"लागतो की डोळा मधूनमधून. यांचा श्वास पाठीला कळतो. जरा बदलला की जाग येते मला."

सिस्टर थक्क झाली. वॉर्डात श्वासावर लक्ष ठेवायला यंत्रं होती, ती टुकटुक करायची, त्यांच्यासमोर पाळीपाळीने माणसं बसायची. इथे एक पाठ होती, आणि तिला पाळी बदलून द्यायला कोणी नव्हतं. घरी काळजी घ्यायला कोणी आहे का, हा प्रश्न सिस्टर प्रत्येक पेशंटला विचारत आली होती. कोणी असलं की पेशंट लवकर सावरतो, एकटा माणूस पुन्हा पुन्हा आजारी पडतो, हेही तिला पाठ होतं. काका 'आहे' म्हणाले होते आणि ती पुढच्या प्रश्नाकडे वळली होती. त्या एका 'आहे'मध्ये एवढं सगळं असतं, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तिला उगीचच वाटलं, आपण या घरात जरा हळू बोलायला हवं.

तिने डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "काकांना गोळी आत्ता, तुमच्यासमोर द्या. काकूंचं रक्त आजच तपासायला घेऊन या. आणि सिस्टर, उद्यापासून त्या गोळीला पाण्याची गोळी म्हणणं आपण सगळ्यांनीच बंद करायचं."

काकांनी गोळी गिळली. काकूंनी पिंप मोरीत उपडं केलं आणि वाहून जाणाऱ्या पाण्याकडे बघून हळहळल्या.

पुढच्या खेपेला दार काकांनी स्वतः उघडलं. सिस्टरने आधी खाली पाहिलं. घोटे दिसत होते. बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या नातेवाइकांकडे बघावं तशी ती त्या घोट्यांकडे बघत राहिली.

"आडवा झोपतो आता," काका म्हणाले. एका दमात म्हणाले. "घोरतोसुद्धा, असं शेजारचे सांगतात."

"आणि काकू?"

काकांनी नुसती मान आत वळवली. काकू पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, डोळे खोल गेलेले. सिस्टरने रक्तदाब पाहिला, तो नीट होता. रक्ताचा अहवालही चांगला आला होता. आता भिंत धरावी लागत नव्हती.

"झोपच नाही हिला," काका म्हणाले. "दिवसा नाही, रात्री नाही."

"आडवी झाले की दचकून उठते," काकू म्हणाल्या. "पाठीला काही लागत नाही ना. मग वाटतं..."

"मी म्हटलं, आता तू टेक माझ्या पाठीला. ऐकत नाही."

"आजारातून उठलेल्या माणसावर भार टाकू? वेडी आहे का मी?"

झोपेबद्दल सिस्टरला जे जे शिकवलं होतं, ते तिने सांगितलं. झोपायची वेळ ठरलेली ठेवा. दुपारनंतर चहा नको. भिंतीला उशी लावून तिला टेका. काकू प्रत्येक गोष्टीला 'हो' म्हणाल्या. तो 'हो' आता सिस्टरला चांगला ओळखता येत होता.

ती थांबली. मग तिने दाराशी जाऊन बूट काढले, पलंगावर चढली आणि काकूंच्या मागे उलट्या तोंडाने बसली.

"अगं, हे काय?"

"काही नाही. मीही दमलेय. जरा टेकते."

काकू काही वेळ अवघडून बसल्या. मग आधी खांदे आले, मग पाठ, मग मान, आणि हळूहळू त्या इवल्याशा बाईचा सगळा भार सिस्टरच्या पाठीवर उतरला. श्वास लांब झाला. थोड्याच वेळात सिस्टरची पाठ भरून आली, मग कंबर धरली. तिने वॉर्डात माणसं उचलली होती, कुशीवर वळवली होती, पण झोपलेल्या माणसाला एवढं वजन असतं हे तिला ठाऊक नव्हतं. आणि काका तर केवढे थोराड. तिचे डोळे भरून आले, ते तिने पुसले नाहीत, हात हलला असता.

काका समोर उभे होते. त्यांनी स्वतःकडे बोट दाखवलं, मग सिस्टरच्या जागेकडे.

सिस्टरने त्यांच्या घोट्यांकडे पाहिलं, गळ्याच्या शिरेकडे पाहिलं, छातीचा भाता संथ चालला होता तो पाहिला. असं काही विचारणारा पेशंट शिबिरात कोणी शिकवला नव्हता. तिने मान डोलावली.

ती एकेक बोट सरकली. काका तिच्या बाजूने पलंगावर बसले, आपला रुंद खांदा आधी आत घातला, मग पाठ. मध्ये क्षणभर काकूंचा भार दोघांच्या पाठींवर निम्मा निम्मा होता. मग सिस्टर अलगद बाहेर निघाली.

काकू झोपेतच चाळवल्या. "दम लागतोय का हो?"

"नाही लागत," काका म्हणाले. "झोप तू."

सिस्टरने बूट हातातच घेतले, बाहेर येऊन दार ओढून घेतलं आणि जिन्याच्या पायरीवर बसून ते पायांत चढवले.