खर्ऱ्याच्या पन्नीचं घरटं

देवरावांनी खर्रा सोडला, ही बातमी यवतमाळच्या त्यांच्या गल्लीत बायकोनं, सत्यभामाबाईंनीच पसरवली होती. एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस, गाल सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्यानं कायम फुगलेला. डॉक्टरांनी तोंडात बॅटरी मारून दम भरला, तेव्हा कुठे देवरावांनी बायकोच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. बाईंनी बचत गटात पेढे वाटले.

शपथ नऊ दिवस टिकली. दहाव्या दिवसापासून देवराव पाखरांना पाणी ठेवायला गच्चीवर जाऊ लागले. वाडग्यात पाणी ओतायचं, खिशातली पुडी सोडायची, खर्रा दाढेखाली सरकवायचा आणि प्लॅस्टिकची पन्नी अन् रबर कठड्यावरून मागच्या बोळात भिरकावून द्यायचं.

"किती जीव लावून राह्यले बाप्पा पाखराइले!" बाई शेजारणींना कौतुकानं सांगत.

जून लागला आणि एका सकाळी बोळातल्या कडुनिंबावर कावळ्यांनी आकाश डोक्यावर घेतलं. घरट्याच्या कडेला एक पिल्लू उलटं लोंबकळत होतं. पाय कशात तरी गुंतला होता. बघता बघता अर्धी गल्ली जमली.

"पाहून काय राह्यले जी? चढा ना!" सत्यभामाबाई म्हणाल्या. "तुमाले तर पाखराइचा एवढा लळा!"

नाही म्हणायला देवरावांना तोंड नव्हतं. जे होतं त्यात खर्रा होता. चारचौघांत थुंकायची सोय नाही, म्हणून त्यांनी तो तसाच गिळला. डोळ्यांपुढे निंबाचे दोन निंब झाले.

शेजारच्या दीपमालानं स्कुटीचं हेल्मेट त्यांच्या डोक्यावर चढवलं. नाक्यावरचा पानठेलेवाला धावजी शिडी धरायला धावत आला. खिशात कात्री घालून देवराव एकेक पायरी चढू लागले, तसे पिल्लाचे आईबाप असलेले दोन्ही कावळे हेल्मेटवर टणाटण चोची मारू लागले.

वर पोचून त्यांनी घरट्यात डोकावलं आणि चक्कर कुठल्या कुठे पळाली. घरट्यात काड्या थोड्या, पन्न्याच जास्त. रात्रीच्या पावसाचं पाणी त्यांत साचलेलं, आणि त्या पाण्यात दुसरं पिल्लू निपचित पडलेलं. लोंबकळणाऱ्याच्या पायाला हिरव्या रबराचे चार वेढे बसले होते.

देवरावांनी कात्रीनं रबर कापलं. पिल्लाचा पाय सुजला होता, पण ते कचकन चावलं, तेव्हा त्यांना हायसं वाटलं. मग पिल्लाला काड्यांवर ठेवून ते एकेक पन्नी ओढून खाली टाकू लागले. पन्न्या लोकांच्या डोक्यांवर पडू लागल्या.

धावजीनं एक उचलून न्याहाळली आणि त्याची छाती फुगली. "अरे, हा तं माह्याच माल! हिरवं रबर पुऱ्या यवतमाळात दुसऱ्या कोणापाशी दाखवा! भाऊ, रोजची तुमचीच तं पुडी हाये, चुना जास्तवाली!"

सगळ्यांच्या माना सत्यभामाबाईंकडे वळल्या.

"खाली या," सत्यभामाबाई म्हणाल्या.

"मी इथंच बरा हावो," वरून आवाज आला. तेवढ्यात कावळ्यानं मानेवर चोचीनं नेम साधला आणि देवराव झटक्यात खाली आले.

बाईंच्या हातात खराटा होता. देवरावांनी हेल्मेट काढलं. "एक पिल्लू मेलं गं वर," ते हळूच म्हणाले. "माह्याच पन्नीत पाणी साचलं होतं. लय चुकलं माह्यं."

बाईंचा उगारलेला हात खाली आला. मग त्यांनी खराटा देवरावांच्याच हातात दिला. "बोळ झाडा. या टोकापासून त्या टोकापर्यंत. अन् धावजी, तू पोतं धर."

"मी कायले?" धावजी म्हणाला.

"माल तुह्याच हाये नं?"

दुपारपर्यंत दोन पोती भरली.

वाचलेलं पिल्लू पंधरा दिवसांनी उडालं, जरा लंगडत. कावळे मात्र देवरावांचा चेहरा विसरले नाहीत. देवराव घराबाहेर पडले की दोघं तारेवरून झेपावतात आणि नाक्यापर्यंत पाठलाग करतात. देवरावांनी दोनदा छत्री उघडून ठेल्याकडे जायचा प्रयत्न केला. दोन्हीदा धावजीनंच हात जोडले. "भाऊ, तुमी नका येत जाऊ. गिऱ्हाईक पयून राह्यलं."