मिर्तालेची हाक

"घडा घेऊन कुठं निघालीस गं?" एपिक्रातेसनं मला दारातच अडवलं.

"शेजारी. पाणी मागायला."

पुढं काही सांगावं लागलं नाही. घरात मढं असलं की घरचं पाणी बाटतं. मग शेजारून घडाभर पाणी मागून आणून दाराबाहेर ठेवायचं. भेटून जाणारा त्यात हात बुडवून शुद्ध होतो आणि गल्लीलाही न सांगता कळतं. एपिक्रातेस झटकन मागं सरला. नव्याकोऱ्या अंगरख्याचा घोळ त्यानं असा वर उचलला, जसं काही मरण आमच्या उंबऱ्यावरून उडी मारून त्यालाच चिकटणार होतं.

"कोण गेलं?"

"सासूबाई. सकाळी उठवायला गेले तर उठेनात."

"आजच मुहूर्त सापडला होय म्हातारीला!"

एपिक्रातेस अथेन्समधल्या आमच्या भागातला बडा असामी. त्या वर्षी दिओनिसस देवाच्या उत्सवातल्या एका शोकनाट्याचा सगळा खर्च त्याच्याकडे होता. गाऊन-नाचून ते नाटक पुढं नेणारा जो मेळा, त्यात माझा नवरा नौसोन होता. एरवी चपला शिवणारा माणूस! सबंध हिवाळा दुकान अर्धं बंद ठेवून त्यानं पावलं गिरवली होती. त्यांच्या घराण्यात देवाच्या मेळ्यात निवडला गेलेला हा पहिलाच, त्यामुळं घरात चालायचा तोसुद्धा तालात. आणि आज त्यांच्याच खेळाचा दिवस. माणसं गोळा करायला एपिक्रातेस स्वतः दारोदार फिरत होता.

नौसोन बाहेर आला. डोळे सुजलेले. "मालक, मला सुतक आहे. मी देवापुढं कसा उभा राहू? कोपेल तो."

"आणि मेळ्यात भगदाड पडलं तर नाही कोपणार? तुझी जागा आता कोण भरणार, सांग. तुझी बायको?"

"पण आई..."

"ऐक. घडा ठेवला की सुतक. घडा नाही, तर सुतक नाही. कायदाही हेच म्हणेल, आणि आयत्या वेळी पाय मागं घेणाऱ्याला दंड करायचा अधिकार मला कायद्यानंच दिलाय. गेल्या साली नाटकांच्या चढाओढीत त्या मेंढरं विकणाऱ्यानं माझं नाक कापलं. या साली नाही कापू देणार. देवाचं मी बघतो. त्याला वरून एक बोकड देतो."

मी न राहवून म्हटलं, "आणि रडायचं कधी?"

"संध्याकाळी रडा. पोटभर रडा. कोण अडवतंय?"

नौसोननं माझ्याकडं पाहिलं. 'नको म्हण,' असं ते बघणं होतं. मी म्हटलंही, "अहो, नका जाऊ." पण मी म्हटल्यानं काय होणार? त्याला देवाची भीती होती, दंडाची होती, आणि मेळ्यातली जागा जाण्याची तर सगळ्यात जास्त. हे मी त्याच्या तोंडावर कधी बोलले नाही, इथं बोलते. त्यानं माझ्या हातातला घडा घेतला, आत नेऊन कोपऱ्यात पालथा घातला.

"फिलिन्ना, दार लावून घे. संध्याकाळी सगळं रीतसर करू," म्हणाला आणि गेला.

आता माझ्या सासूबद्दल सांगायला हवं. मिर्ताले म्हणजे गल्लीची रडणारी. पैशासाठी नव्हे, हौसेनं. कुणाकडं मयत झालं की ही पदर खोचून हजर. आमच्या अथेन्समध्ये कायदा असा, की साठीच्या आतल्या बाईनं परक्याच्या मढ्याला जायचं नाही, जवळचं नातं हवं. म्हणून साठीच्या आत असताना ती नातं शोधून काढायची. कुंभाराचा म्हातारा गेला तेव्हा ती त्याच्या आईच्या मावसबहिणीची नात निघाली. तेलवाला गेला तेव्हा त्याची चुलत आत्या. साठी उलटली त्या दिवशी हात जोडून म्हणाली, "सुटले बाई! आता कुणासाठीही रडेन, कोण विचारणार आहे?"

आणि रडायची तरी कशी! आधी तीन बारीक हुंदके, जणू दम लागलाय, आणि मग एकदम लांब हाक, मेलेल्याचं नाव घेऊन. त्या हाकेनं दगडालाही पाझर फुटायचा. ज्या घरात माणूस नकोसा झाला होता, त्या घरातलेही ढसाढसा रडायचे. मला मात्र ती घालूनपाडून बोलायची. माझ्या हातची डाळ तिला कधी आवडली नाही. पण एकदा केस विंचरून देत होते तेव्हा म्हणाली, "सूनबाई, माझ्या वेळी कंजुषी करू नका हं. घर डोक्यावर घ्या. एवढ्यांना पोचवलंय मी, रिकामी नाही जाणार."

त्या दिवशी मी दार लावून तिच्याजवळ बसले. हनुवटी फडक्यानं बांधली. पाय दाराकडं केले. पुढं हात चालेना. आंघोळ घालायला बाहेरचं पाणी हवं, आणि ते मागायची सोय नव्हती. घशाशी हुंदका आला की मी ओढणी तोंडात कोंबायचे. भिंतीपलीकडं माणसांची घरं, एक आवाज गेला असता तर संपलं.

शेजारची हेदिले दाराशी आलीच. "अगं मिर्ताले, ऊन खायला येत नाहीस का आज?"

"झोपल्यात," मी आतूनच म्हटलं.

"या वेळी? रात्रभर काय नाचत होती का ही? उठली की पाठव. अंजीर ठेवलेत म्हणावं तिच्यासाठी." आणि मग मोठ्यानं, दाराला तोंड लावून, "ऐकलंस का गं आळशे?"

मी सासूबाईंकडं पाहिलं. हेदिलेची हाक त्यांनी कधी वाया जाऊ दिली नव्हती.

आमचं घर टेकडीच्या पायथ्याशी, नाटकाच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर. ऊन चढलं तशी बासरी ऐकू आली, मग मेळ्याचं गाणं. शब्द नीट कळत नव्हते, पण गोष्ट मला पाठ होती. राणी मरते आणि मेळा तिच्यासाठी शोक करतो. ती राणी कुणी पाहिली होती? कुणीतरी रचलेली. पण तो शोक कसा करायचा, हे हिवाळ्यात नौसोन घरी घोकायचा तेव्हा सासूबाई चुलीपाशी बसून हसायच्या. "असं रडतात होय? शिंक आल्यासारखं! अरे, आधी दम तोड. मग हाक मार." त्यानं ते उचललं, मेळ्याला शिकवलं, आणि मेळा बसवणाऱ्यालाही पसंत पडलं.

तर आता टेकडीवरून ते आलं. तीन बारीक हुंदके. मग ती लांब हाक. बाप्यांच्या गळ्यातून निघालेली, तरी हाक तिचीच. आणि मग सगळी टेकडी हुंदक्यांनी भरून गेली. अख्खं शहर मिर्तालेच्या रडण्यावर रडत होतं आणि मिर्ताले इथं माझ्यापुढं, तोंडाला फडकं बांधून. मी तिचा हात घट्ट धरला. त्या क्षणी मला देवाचा राग आला, एपिक्रातेसचा आला, नवऱ्याचा आला. रागाचं करायचं काय, ते मात्र कळेना.

दिवस कलला तसा नौसोन धावत आला. डोक्यावर आयव्ही या देवाच्या वेलीच्या पानांचा मुकुट. त्यांचा खेळ सगळ्यांत जास्त गाजला होता. एपिक्रातेसनं त्याला सगळ्यांदेखत मिठी मारली होती. मी घडा उचलला आणि हेदिलेकडं गेले.

"पाणी हवंय."

तिनं घड्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. पाणी भरून दिलं, गल्लीत दोन-तीन दारांवर थापा मारल्या आणि माझ्यामागून आली. बघता बघता घर बायकांनी भरलं. मिर्तालेनं ज्यांच्याकडं रडून ठेवलं होतं त्या सगळ्या आल्या, काळं नेसून, केस मोकळे सोडून.

हेदिले आंघोळ घालायला वाकली. तिनं सासूबाईंचा हात उचलून पाहिला, तो लाकडासारखा ताठ. आयुष्यभर मढी धुतलेली बाई ती. तशीच थांबली.

"कधी गेली?"

"आत्ताच," मी म्हटलं. माझे कान तापले.

तिनं नौसोनच्या मुकुटाकडं पाहिलं. घरातल्या बायका तिच्या तोंडाकडं बघत होत्या. एक शब्द बोलली असती तर माझ्या नवऱ्यावर देव बाटवल्याचा खटला उभा राहिला असता.

"आत्ताच गेली गं," हेदिले सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला. "सकाळी मी हिला आळशी म्हटलं होतं."

आंघोळ झाली. पांढरं नेसवलं. उद्या सूर्य उगवायच्या आत न्यायची, तेही गल्लीतून गुपचूप, असा कायदा. म्हणजे रडून घ्यायचं ते आत्ताच, या चार भिंतींत. पण पहिली हाक रक्ताच्या माणसाची लागते. मुलगी नसेल तर मुलाची. सुनेला ती मारता येत नाही. त्यानं नाव घेऊन हाक मारायची, मग बायकांनी ती उचलायची.

बायकांनी डोक्यावर हात नेले. नौसोन उशाशी उभा राहिला. मुकुट काढायचा त्याला सुचलं नाही, मीच काढला. त्यानं आईचं डोकं दोन्ही हातांत धरलं, दम घेतला आणि तोंड उघडलं.

घोगरी हवा बाहेर आली. दुसरं काही नाही.

दिवसभर राणीसाठी ओरडून त्याचा घसा बसला होता. त्यानं पुन्हा प्रयत्न केला, मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. "आ..." एवढंच, तेही फाटकं. मग तो माझ्याकडं बघायला लागला, लहान मूल चुकल्यावर बघतं तसं.

बायका डोक्यावर हात धरून हाकेची वाट बघत उभ्या होत्या.