टकटक्या आणि दोन मुसळं

श्रीपत रोकडे गुरुजींची शाळा तालुक्यात शेवटून पहिली आली. निकालाचं गुरुजींना फारसं वाईट वाटलं नाही, कारण तो त्यांना आधीच ठाऊक होता. वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. कर्जतला भरलेल्या शिक्षकांच्या सभेत विस्तार अधिकारी हिरामण भोईरसाहेबांनी त्यांना नाव घेऊन उभं केलं आणि उभं केलंय म्हणजे सत्कारच असणार, असं समजून मागच्या बाकांवरच्या चौघांनी टाळ्या वाजवल्या.

सत्त्याहत्तर सालची दिवाळी नुकतीच झाली होती. गुरुजी मूळचे लोधिवलीचे. छप्पन साली बापानं दीक्षा घेतली आणि घरी येऊन पोराला एवढंच सांगितलं, "आता शिकायचं." पोरगा शिकला, मास्तर झाला आणि माथेरानच्या पायथ्याशी आंबेखिंडवाडी नावाच्या ठाकरवाडीत त्याची नेमणूक झाली. तीस-बत्तीस घरं, शाळेची एक खोली, एक फळा, चार इयत्ता आणि गुरुजी एकच. नेरळला भाड्याच्या खोलीत राहायचं, सकाळी सव्वा तास चढून जायचं, संध्याकाळी उतरायचं. अकरा वर्षं हे चाललं होतं आणि अकरा वर्षांत साहेबांची जीप वाडीच्या दीड मैल अलीकडच्या ओढ्यापर्यंतच आली होती.

त्या सभेला मुंबईच्या एक डॉक्टरबाई आल्या होत्या. बाई परदेशात शिकून आलेल्या, हवापालटाला माथेरानला उतरलेल्या. भोईरसाहेबांना कुणीतरी सांगितलं की बाई पोरांच्या मेंदूवर काम करतात. साहेबांनी ताबडतोब त्यांना व्याख्यानाला बोलावलं, कारण सभेच्या कार्यक्रमात 'मार्गदर्शन' हा रकाना रिकामाच होता.

बाई मात्र सरळ बोलणाऱ्या निघाल्या. म्हणाल्या, "मुलाच्या डोक्यात एक घड्याळ असतं, असं समजा. अक्षरामागून अक्षर, आकड्यामागून आकडा कधी यायचा, ते हे घड्याळ ठरवतं. काही मुलांचं घड्याळ मागे-पुढे होतं, मग 'कमळ'चं 'मकळ' होतं. ठरावीक ठोक्यावर हात-पाय हलवायची सवय लावली तर ते सुधारू शकतं, असं आम्हाला वाटतं. अजून खात्री नाही. करून बघायला हवं."

"खात्री आहे!" भोईरसाहेब आभार मानताना म्हणाले. "बाईंनी सिद्ध केलेलं आहे."

बाईंनी मान हलवून नाही म्हटलं, पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या. प्रयोगाला शाळा हवी होती आणि शेवटची शाळा आयती उभीच होती.

चार दिवसांनी बाई एकट्याच वाडीत येऊन प्रत्येक पोराचं वाचन वहीत टिपून गेल्या आणि गुरुजींनी सही करून यंत्र ताब्यात घेतलं. लाकडी, वर निमुळती होत गेलेली पेटी, पुढे एक दांडी. किल्ली दिली की दांडी इकडून तिकडे झुलायची आणि टक, टक वाजायची. कागदावर तिचं नाव 'लयमापक यंत्र, नग एक'. वाडीतल्या पोरांनी पहिल्याच दिवशी तिला 'टकटक्या' केलं.

हुकूम असा होता: मिनिटाला चोपन्न ठोके. रोज अर्धा तास पोरांना रांगेत उभं करायचं. टकला टाळी, टकला पाय. कुणाची टाळी किती वेळा चुकली ते तक्त्यात भरायचं. सहा आठवड्यांनी बाई आणि साहेब येऊन पाहणार.

गुरुजींनी किल्ली दिली. टेबलावर टकटक्या बोलू लागला आणि तेविसातल्या बावीस पोरांनी अशी टाळी धरली की जणू एकच माणूस टाळी वाजवतोय. होळीला अन् लग्नाला रात-रात ढोलावर नाचणारी पोरं ती. त्यांना चोपन्न म्हणजे झोपेतलं काम. पाच मिनिटांत कंटाळली. मग दोन ठोक्यांच्या मध्ये आणखी एक टाळी आली, मग दोन, मग मागच्या रांगेतनं पायाचा ठेका.

"गुरुजी, ह्यो लय दमानं चालतो," चौथीतली कोंडी म्हणाली. "आजारी हाय का?"

"गप्प. टाळी वाजव," गुरुजी म्हणाले आणि स्वतः टाळी वाजवून दाखवली. पोरं फिदीफिदी हसायला लागली. गुरुजींची टाळी टकच्या आधी पडली होती. दुसरी नंतर पडली. तिसरी कुठे पडली ते त्यांनाच कळलं नाही.

हे दुखणं जुनं होतं. शाळेत असताना लेझीमच्या पथकातून त्यांना दुसऱ्याच दिवशी काढलं होतं. विहारात वंदना म्हणताना ते सगळ्यांच्या एक ओळ पुढे असायचे, म्हणून त्यांची बायको मुद्दाम लांब बसायची.

तक्ता भरायला घेतला तर बावीस पोरांपुढे 'चूक : शून्य'. बाईंच्या हिशेबानं ही पोरं देशातली सर्वांत हुशार पोरं ठरत होती आणि त्यातल्या सतरांना सातचा पाढा येत नव्हता. गुरुजींनी तक्ता पुन्हा एकदा तपासला. मास्तरांच्या चुका भरायला त्यात रकाना नव्हता, हे बरं होतं.

तेविसावी होती गोदा. नऊ वर्षांची, पहिलीत तिसऱ्यांदा. तिची टाळी दर वेळी अर्धा ठोका मागून यायची, वळचणीचं पाणी पाऊस थांबल्यावर पडावं तशी. पोरं हसली की ती हात मागे लपवायची. वाचतानाही तेच. 'बदक' समोर ठेवलं की आधी 'द' सापडायचा. सणाला नाच धरला की बायका तिच्या काखेत एखादं तान्हं देऊन तिला बाजूला बसवायच्या.

त्या दिवशी गुरुजींना ती पोर पहिल्यांदाच नीट दिसली. चुकणारी दोघंच होती त्या खोलीत.

दुसऱ्या दिवसापासून बाकीच्यांना पाढे लिहायला बसवून गुरुजी आणि गोदा टकटक्यासमोर उभे राहू लागले. टक. गुरुजींची टाळी आधी, गोदाची नंतर. आठ दिवस झाले, फरक पडेना. नवव्या दिवशी गुरुजींनी इरेला पेटून किल्ली जरा जास्तच पिळली. आतून 'खर्रर्र' असा आवाज आला आणि टकटक्या कायमचा गप्प झाला.

 सरकारी वस्तू, सही केलेली. गुरुजी पेटी कानाशी हलवत उभे असतानाच गोदाची आई ठकूबाई दारात आली. मळणी झाली होती, भात कांडायचं होतं, त्यासाठी ती पोरीला न्यायला आली होती.

"मेलं व्हय ते?" तिनं पेटीकडे बघून विचारलं.

गुरुजींनी तिला सगळं सांगून टाकलं. मेंदू, घड्याळ, ठोका, मागेपुढे. ठकूबाईनं शांतपणे ऐकलं.

"अवं गुरुजी, आयकून टाळी मारायची तर आयकंपर्यंत येळ जातोच की. समोर कोन पायजे. चुकलं तर लागाय पायजे. चला घरी."

तिच्या अंगणात जमिनीत पुरलेलं लाकडी उखळ होतं. उखळ एक आणि मुसळं दोन. दोन बायका समोरासमोर उभ्या राहून कांडतात; एकीचं मुसळ खाली जातं तेव्हा दुसरीचं वर हवं, नाहीतर दोन्ही मुसळं एकमेकांवर आपटून हाताला झिणझिण्या येतात. ठकूबाईनं एक मुसळ गोदाच्या हातात दिलं आणि दुसरं गुरुजींच्या.

"मी?" गुरुजी म्हणाले.

"मंग? पोरगी एकलीच चुकते का?"

बघायला निम्मी वाडी जमली. पहिल्याच घावाला मुसळं भिडली. दुसऱ्याला गुरुजींचा अंगठा मध्ये आला. भात उखळाबाहेर उडालं आणि कोंबड्या धावल्या. गोदा हसली. तीन वर्षांत गुरुजींनी तिचे दात पाहिले नव्हते.

"तिच्या हाताकडं बगू नका," ठकूबाई म्हणाली. "दमाकडं बगा. ती श्वास घेईल तवा तुमी टाका."

मग ते रोजचंच झालं. शाळा सुटली की अर्धा तास अंगणात. आठवडाभर वाडीला फुकटची करमणूक झाली, नंतर लोकांना कंटाळा आला आणि दोघांचं काम खरं सुरू झालं. अंगठ्याला चिंधी बांधून गुरुजी कांडायचे. दहा घाव सलग जमले, मग वीस. जमायला लागल्यावर गुरुजींना वाटलं, तोंड रिकामं कशाला ठेवा. त्यांनी 'क' म्हटला, गोदानं 'का' म्हटलं. मुसळ खाली, अक्षर बाहेर. मग शब्द. 'ब' गोदाचा, 'द' गुरुजींचा, 'क' गोदाचा. आपला घाव येईपर्यंत आपलं अक्षर म्हणायचं नाही, एवढा एकच नियम. मग कांडून झालं की उखळाच्या काठावर बसायचं आणि तेच शब्द पुस्तकात शोधायचे. गोदा बोट ठेवायची, थांबायची, मान किंचित हलवायची आणि वाचायची. चौथ्या आठवड्यात तिनं 'बदक' सरळ वाचलं. पाचव्यात आख्खं पान. हळू, अडखळत, पण डावीकडून उजवीकडे.

तक्त्यात मात्र गुरुजी रोज 'यंत्रासह सराव, अर्धा तास' असं लिहीत राहिले. भीतीनं माणूस जेवढं खोटं लिहितो तेवढं लिहिलं.

सहा आठवड्यांनी साहेब आले. जीप ओढ्यापाशी थांबली आणि भोईरसाहेब नोकरीत पहिल्यांदाच उरलेला दीड मैल चालले. बाई पुढे होत्या. साहेबांनी खोलीत पाय ठेवताच फर्मावलं, "यंत्र सुरू करा."

गुरुजींनी किल्ली फिरवली. दांडी हलली नाही.

"साहेब," गुरुजी म्हणाले, "यंत्र नवव्या दिवशीच बिघडलं. माझ्या हातून. तक्ता मी खोटा भरलाय."

भोईरसाहेबांचा चेहरा वांग्यासारखा झाला. "सरकारी मालमत्ता! खोटी नोंद! रोकडे, तुम्हाला कळतंय का..."

"थांबा," बाई म्हणाल्या. त्या गोदाजवळ उकिडव्या बसल्या होत्या. पहिल्या भेटीत हिला एक ओळ वाचता आली नव्हती, हे त्यांच्या वहीत होतं. गोदानं पुस्तकातला धडा वाचला. मग बाईंनी आपल्या पर्समधला बिस्किटाचा कागद पुढे केला, पाठ केलेलं नाही ना ते बघायला. गोदानं तोही वाचला, फक्त 'ग्लुकोज' पाशी ती अडली. तिथे साहेबही अडले असते.

"यंत्राशिवाय कसं केलंत?" बाईंनी विचारलं.

सगळे ठकूबाईच्या अंगणात गेले. गुरुजी आणि गोदानं कांडून दाखवलं. बाई घड्याळ धरून मोजत राहिल्या. मग त्या साहेबांना म्हणाल्या, "तुम्ही बघा ना एकदा. गोदाबरोबर."

नाही म्हणता येईना. साहेबांनी बुशशर्टच्या बाह्या वर केल्या, मुसळ उचललं आणि तिसऱ्या घावाला स्वतःच्या बुटावर टाकलं. पोरांपैकी कुणी हसलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं की पहिल्यांदा असंच होतं. गोदानं समजुतीनं सांगितलं, "साहेब, दमाकडं बगा."

परत निघताना गुरुजींनी बाईंना विचारलंच, "बाई, मग हे ठोक्यामुळेच झालं म्हणायचं का?"

बाईंनी वही मिटली. "असेलही. मला वाटतं काही भाग त्याचा आहे. पण सहा आठवडे रोज अर्धा तास एक मोठा माणूस या मुलीसमोर उभा राहिला, तेही तिच्याइतकाच चुकणारा. तो भाग किती, हे मला मोजता येत नाही. मी तसंच लिहीन."

त्यांनी तसंच लिहिलं. पण वर जाताना अहवाल भोईरसाहेबांच्या टेबलावरून गेला आणि 'मोजता येत नाही' हे वाक्य तिथेच राहिलं. खाली आलं ते परिपत्रक: प्रत्येक शाळेस उखळ नग एक, मुसळ नग दोन. लाकडाचं उखळ मंजूर नमुन्यात बसत नव्हतं, म्हणून सिमेंटची आली. भाताची तरतूद नव्हती, म्हणून रिकामीच कांडायची होती. रोकडे गुरुजींवर कारवाई करण्याऐवजी त्यांना मार्गदर्शक नेमलं. मार्चमध्ये कर्जतला चाळीस मास्तर वीस उखळांभोवती उभे राहिले आणि असा दणदणाट उठला की कचेरीतले कारकून बाहेर आले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चौदा उखळांना तडे गेले. अहवालात लिहिलं, शिबिर उत्साहात पार पडलं.

आंबेखिंडवाडीच्या वाट्याचं उखळ ठकूबाईनं कोंबड्यांना पाणी ठेवायला मागून घेतलं. गोदा जूनमध्ये दुसरीत गेली. घाईनं वाचलं की अजूनही अक्षरं तिच्या डोळ्यांसमोर धक्काबुक्की करायची. मग ती थांबायची, एक श्वास घ्यायची.

जुलैत एकदा गुरुजी हजेरी घेत असताना दारात लडकू उभा राहिला. गोदाचा बाप. तो माथेरानला हातरिक्षा ओढायचा आणि महिन्या-दोन महिन्यांनी खाली यायचा. त्याच्या हातात भिजून मऊ झालेलं पोस्टकार्ड होतं.

"गुरुजी, ह्ये आमच्या पोरीनं धाडलं व्हय?"

गुरुजींनी पाहिलं. वाकडी, मोठाली अक्षरं. पत्ता तेवढा त्यांनी स्वतः घालून दिला होता. "तिनंच."

"हाटेलच्या म्यानेजरनं वाचून दाखिवलं. चार मानसांम्होरं." लडकूचा आवाज अभिमानाचा की तक्रारीचा, ते कळेना. "चपला आनायच्या म्हून लिवलंय म्हनं. लाल. असंच हाय का?"

"असंच आहे."

लडकूनं कार्ड जपून टोपीत खोचलं. मग बंडीच्या आतून कागदात गुंडाळलेला जोड काढून त्यानं उंबऱ्यावर ठेवला.

"दोन सालं तोंडानं मागत व्हती," तो म्हणाला. "तवा इसरून जायाला येत व्हतं. तुमी आता कागुद करून ठेवला."