पाण्याच्या कूलरमागची पाटी

मी एक जुनी पाटी आहे, मित्रांनो. पत्र्याची आहे आणि तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते.

भाईंदरच्या ईश्वर पेंटरनं मला रंगवलं. निळ्या रंगावर पांढरी अक्षरं. ‘कर्ज देताना जात, धर्म, स्त्री-पुरुष किंवा राहण्याचे ठिकाण पाहून भेदभाव केला जाणार नाही. अर्ज नाकारल्यास कारण लेखी दिले जाईल.’ शेवटचं अक्षर ओढून तो म्हणाला, "झकास! आता कुणाच्या बापाला घाबरू नकोस."

बँकेची शाखा उघडली तेव्हा मला दारासमोर टांगलं. पाहुण्यांनी माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढले. काय फुगले होते मी! पुढे माझ्यावर कॅलेंडर आलं, मग विम्याची जाहिरात, आणि शेवटी पुढ्यात पाण्याचा कूलरच आणून ठेवला. फटीतून जेमतेम दिसायचं, पण ऐकू सगळं यायचं. "मिस्टरांना घेऊन या." "तुमच्या वस्तीत आम्ही देत नाही." माणसं गुपचूप उठून जायची आणि माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एक दिवस तारोडी गावची अंबिका आली. मासळी विकणारी, एकटीच्या हिमतीवर धंदा उभा केलेली बाई. भाड्याचा टेम्पोवाला ऐन वेळी दगा द्यायचा आणि माल नासायचा, म्हणून तिला स्वतःचा टेम्पो हवा होता. कर्जाच्या टेबलावरच्या अभिनव साहेबांनी कागद चाळले. जुनं कर्ज वेळेवर फेडलेलं, धंदा चांगला. मग पत्ता वाचला.

"तारोडी? त्या पट्ट्यात आम्ही देत नाही, ताई. आणि मिस्टर कुठे आहेत?"

"लगीनच न्हाय केला, तं मिस्टर कुठशी आनू?"

"मग सॉरी."

घशाला कोरड पडली म्हणून ती कूलरपाशी आली. पेला भरताना तिला जाहिरातीखालून माझी अक्षरं दिसली. तिनं जाहिरात उचलली आणि सातवी शिकलेली ती बाई बोट फिरवत मोठ्यानं वाचू लागली. अख्खी शाखा ऐकत होती. देवाशपथ सांगते, इतकं बरं मला उद्घाटनालाही वाटलं नव्हतं.

ती परत टेबलाशी गेली. "सायब, कारन लिवून दे."

"असं लिहून देत नसतो, ताई."

"पाटीवं हाय. तोंडानं बोललास ना? तेच लिव. तारोडीची हाय, बिनलग्नाची हाय, म्हनून न्हाय. खाली सही कर."

साहेबांनी पेन उचललं. ठेवलं. पुन्हा उचललं. गंमत बघा, तोंडातून सुळकन निघालेलं वाक्य कागदावर काही उतरेना! शेवटी पुटपुटले, "अर्ज ठेवून जा. बघतो."

ती गेली आणि संध्याकाळी मला उतरवलं. "रंगकाम करायचंय," साहेब शिपायाला म्हणाले. साफ खोटं! अडगळीच्या खोलीत मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. राग तर आलाच, पण रडूही आलं.

पुढच्याच आठवड्यात बाहेर ओळखीचा आवाज आला. अंबिका होती, आणि बरोबर शेजारची विमलाबाई.

"आमची पाटी कुठं हाय?"

"रंगकाम चाललंय."

"चालू दे. रंग सुकं तवर आमी बसताव."

आणि बसल्या की ठाण मांडून, टोपल्यांसकट! (मी काही पाहिलं नाही, हे सगळं नंतर शिपायाच्या बोलण्यातून कळलं.) कुणीतरी नाकाला रुमाल लावला. विमलाबाई कडाडली, "मासली खाताना लावतंस काय रुमाल?"

गलका ऐकून मॅनेजर मृणालिनी मॅडम केबिनमधून बाहेर आल्या. त्यांनी अर्ज वाचला आणि अभिनव साहेबांना अडवण्याचं कारण विचारलं. साहेब उगाच कागद चाळू लागले. मॅडमनी तिथंच उभ्या उभ्या कर्ज मंजूर केलं, आणि शिपायाला माझ्याकडे पाठवलं.

आज मी पुन्हा दारासमोर आहे. उद्या कुणी मला परत झाकेल, हे मी ओळखून आहे. म्हणून मित्रांनो, मला नुसती पुसत बसू नका. मला वाचा, मोठ्यानं वाचा. तुमच्या आईला, मावशीला कुणी ‘नाही’ म्हणालं, तर तिला खाली मान घालून उठू देऊ नका. म्हणा, कारण लिहून द्या. लिहायला ज्याचा हात कापतो, त्याचा नकार कसला मानायचा?